मातीतला विसावा

आमच्या बेळगावकडच्या तालमीत जोर-बैठका संपल्या की वस्ताद आम्हांला हौद्यातील तांबड्या मातीत निजवत आणि घामाला चिकटलेली ती गार माती सुकेपर्यंत उठू देत नसत. यंदा बाबांच्या आजारपणात प्रार्थनेलाही शब्द सुचेनात, तेव्हा बायबलमधील एलीया संदेष्ट्याची कथा नव्याने उमगली: मरण मागत झुडपाखाली निजलेल्या त्या माणसाला देवदूताने बोल लावला नाही, तर दोनदा उठवून भाकर व पाणी दिले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांनी रविवार हा प्रभूचा विसाव्याचा दिवस म्हणून पाळण्यासाठी १०० मीटरची शर्यत सोडली आणि पुढे ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले. मला मात्र तो पाळलेला रविवारच मोठा वाटतो. आता उपासनेहून परतल्यावर मी बाबांच्या उशाशी, काहीही न मागता, ख्रिस्तासमोर नुसता बसून राहतो.