क्षत्रियमध्ये अक्षरं किती?

रात्रीचे साडेअकरा. मुलांसाठीच्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पुस्तकातलं ‘स्ट्रिंग’चं, म्हणजे अक्षरांच्या माळेचं, प्रकरण आज तिसऱ्यांदा शाळेत शिकवणाऱ्या ताईंकडून परत आलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘मुलं क्षत्रियमध्ये तीन अक्षरं मोजतील. तुझा पायथन आठ म्हणतो. आधी याचं उत्तर दे, मग पुढे जा.’

उदाहरण मी सहज घातलं होतं. लांबी मोजणारं ‘लेन’ लावलं, आठ आलं, पुढचा परिच्छेद सुरू. संगणकात प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची इतकी सवय झालीय की मला काही खटकलंच नाही. ताईंनी मात्र ते पान सातवीच्या वर्गासमोर उभं राहून वाचावं तसं वाचलं. संध्याकाळी फोनवरच आम्ही शब्द फोडला. क, हलन्त, ष, त, हलन्त, र, पहिली वेलांटी, य. ताई बोटांवर मोजत होत्या. आठ भरल्यावर म्हणाल्या, “म्हणजे जोडाक्षर आत नसतंच रे! दाखवताना जोडतात.” प्रकरणाची सुरुवात आता या वाक्याने होणार. इतकं सोपं मला सुचलं नसतं.

अंकांच्या खेळातही हेच झालं होतं. ‘एकोणसाठ’ ऐकून मुलं ६९ लिहायची आणि माझा प्रोग्रॅम लाल फुली दाखवून मोकळा व्हायचा. ताई चिडल्या होत्या. “त्याने साठ ऐकलं, म्हणून सहा लिहिला. कान बरोबर आहे त्याचा. फुली कसली मारतोस?” आता पडद्यावर आधी साठ मणी येतात, मग एक बाजूला सरकतो. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात २१ साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढा वाद झाला. आम्ही दोन्ही ठेवलं, ‘पन्नास नऊ’ही आणि ‘एकोणसाठ’ही. मूल ५९ देवनागरीत लिहो वा इंग्रजीत, लिहिलेल्या अंकांची संख्या करणारं पायथनचं ‘इंट’ दोन्ही घेतं, तो प्रश्न आपोआप सुटला.

कच्चा खर्डा मी ताईंशिवाय कुणालाच दाखवत नाही. बाकीचे ‘छान झालंय’ म्हणतात. त्या कुठे अडल्या ते सांगतात, आणि अडल्या असतील तर चूक माझ्याच पानात असते. इतक्या वर्षांत हे एकदाही खोटं ठरलेलं नाही.

उद्या एकोणऐंशीपर्यंतचं रेकॉर्डिंग. आवाज ताईंचाच. शाळा सुटल्यावर, पंखा बंद करून.