दोन रिव्हॉल्व्हर, एक डबा

पोलीस दलातल्या नोकरीची बहुतेक वर्षे मी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, काढली. हत्यार देताना बट नंबर वाचायचा, सही घ्यायची, संध्याकाळी ते परत आले की बोल्ट काढून नळीत डोकावायचे आणि काडतुसे मोजायची, एवढाच तो दिनक्रम. निवृत्तीनंतर जालना-अंबड रस्त्यालगतच्या एका जुन्या दगडी वाड्यात टीव्हीसाठीच्या पोलीसपटाचे चित्रीकरण चालू होते, तेव्हा ओळखीच्या एकाने माझे नाव सुचवले आणि हत्यारांच्या बाबतीत सल्ला द्यायला मी तेथे गेलो.

कथा १९९२ सालची होती आणि तालुक्याच्या ठाण्यात घडत होती. दिग्दर्शक तिशीतला, कामसू आणि नम्र मुलगा. त्याने यादी पुढे केली. नायक फौजदाराच्या कमरेला ग्लॉक पिस्तूल आणि त्याच्या चार शिपायांच्या खांद्यावर इन्सास रायफली, असे त्यात लिहिलेले होते. ऑस्ट्रियातले ग्लॉक तेव्हा जगात कोठेच नव्हते असे नाही. ते १९८०च्या दशकातच बाजारात आले होते. पण आमच्या तालुक्याच्या फौजदाराकडे .३८ चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असायचे, तेही गळ्यातल्या दोरीला बांधलेले, कारण झटापटीत ते हातातून सुटले तर जीव आणि नोकरी अशा दोन्ही गोष्टी जायच्या. इन्सास तर सैन्यातच १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली. शिपायाच्या हातात असायची ती थ्री नॉट थ्री आणि बऱ्याचदा नुसती लाठीच. २००८ साली २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांकडे हीच रायफल होती आणि समोर एके-४७ होत्या, हे सांगितल्यावर त्याने यादीवर मुकाट्याने काट मारली.

मुंबईहून भाड्याने दुसरी हत्यारे आली. रायफली नकली होत्या. त्यांचे बोल्ट चालत असत, पण नळ्या आतून बुजवलेल्या होत्या, आणि गोळीचा धूर व आवाज पुढे संगणकावर घालायचा होता. नटांना पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा भरायला शिकवण्यात माझी एक सकाळ गेली. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली तर रायफल सुरळीत चालते. ती मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट निम्म्यावर थांबतो. शिपायाचे काम करणारा बीडचा एक मुलगा तीनदा अडकला, अंगठ्याची कातडी सोलली, आणि चौथ्या वेळी दहाही काडतुसे आत गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो पटकथेत कोठेही नव्हता. कार्बाइन या आखूड स्वयंचलित बंदुकीविषयीही एक तक्रार होती : नट मंडळींना डावीकडे आडवे निघालेले मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटीच, मूठ वाटते आणि ती तेच धरतात. भोकांची नळी धरायची असते, हे मी दिवसातून दहा वेळा तरी सांगितले असेल.

तिसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागेत पाठलाग होता. फौजदार झाडाआड बसून रिव्हॉल्व्हर भरतो, हे अगदी जवळून टिपायचे आणि लगेच पुढच्या दृश्यात तो गोळी झाडतो. यासाठी दोन रिव्हॉल्व्हर होती, दिसायला जुळी. पहिल्याची नळी शिशाने बंद केलेली, ते भरताना दाखवायचे. दुसरे रिकाम्या बाराचे, त्यातून फक्त दारूचा भडका निघायचा, पण त्याची नळी उघडी होती. पुरवठादाराच्या पोराने दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात आणली होती आणि दाखवण्याची, म्हणजे बिनदारूची, काडतुसे त्याच डब्यात सुटी पडली होती. मला तेथेच खटकले.

मी सहा काडतुसे तळहातावर घेतली आणि बुडे वर करून उन्हात धरली. पाचांच्या बुडाशी टोपीच्या, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या भागाच्या, जागी नुसता खळगा होता. सहाव्याला टोपी होती, चकचकीत, आणि तिच्यावर घोड्याचा खड्डा पडलेला नव्हता. नखाने चाचपून पाहिले, गुळगुळीतच लागले.

"यात दारू नाही काका," पोरगा म्हणाला, "गोळी काढून दारू ओतून दिली आणि गोळी परत बसवली. टोपी तेवढी राहिली."

तो खरे बोलत होता, असे मला आजही वाटते. पण नुसत्या टोपीच्या जोरानेही गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीतून निघून नळीत जाऊन अडकू शकते, आणि मग त्याच नळीतून रिकामा बार उडवला की अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी बाहेर पडते. १९९३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ब्रँडन ली हा तरुण नट चित्रीकरणातच अशा प्रकारे मृत्यू पावला. त्या दिवशी आमच्याकडे बंद नळीचे रिव्हॉल्व्हर होते, पण बारा फुटांवर त्याचे उघड्या नळीचे जुळे भावंड त्याच डब्यात पडले होते, आणि सावलीत बसलेल्या नटाला दोहोंतला फरक सांगता आला नसता.

मी काम थांबवले. दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिले, मग उतरत्या उन्हाकडे, आणि "काका, फक्त दोन मिनिटं" म्हणाला. दोन मिनिटांचे दोन तास झाले. उघड्या नळीच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र काढून मागे अंगठ्याचे नख तिरपे धरले, म्हणजे नखावरचा उजेड नळीत शिरतो. आत उजेडाची कडी पूर्ण दिसली, काही अडकलेले नव्हते. मग दोन डबे केले, एकावर लाल चिंधी बांधली, आणि चित्रीकरणाच्या कारकुनाकडून शाळकरी वही मागून घेऊन तिच्यात हत्याराचे नाव, खडूने घातलेला क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, असे तीन रकाने आखले. निर्मितीच्या माणसाला हा पोलीसपणा जरा जास्तच वाटला. खरे तर मलाही थोडा वाटला. पण गोळीबार मैदानावर एक पुंगळी कमी भरली म्हणून अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात वाकून शोधत होती, तो माझा भरतीनंतरचा पहिला महिना मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी बागेतली काडतुसे गोळा केली. रायफलींची चाळीस होती, एकोणचाळीस मिळाली. उरलेले एक पाटाच्या चिखलात रुतले होते आणि बागवानाच्या बायकोला सापडले. ती म्हणाली, "हे घ्या, मी समजले गाडीचा नट हाय." टोपी असलेले ते सहावे काडतूस मी पुरवठादाराच्या माणसाच्या हवाली करून त्याच्याकडून लेखी पोच घेतली. ती पोच त्याच वहीत डकवलेली आहे.