तुम्ही विचारलंत म्हणून : शॅकल्टन सोडून वर्स्लीच का?

शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेचं जहाज 'एन्ड्युरन्स'. त्यावरची डॉक्युमेंटरी कुणी पाहिली की मला फोन येतो. "तुम्ही बोटीवर होतात ना? मग शॅकल्टनचं नाव निघालं की तोंड का वाकडं करता?" दर वेळी हसण्यावारी नेतो. आज सांगून टाकतो.

जहाज बर्फात चिरडलं, माणसं एलिफंट बेटावर पोचली, हे तुम्ही पाहिलंच आहे. माझं घोडं अडतं ते त्यापुढे. २४ एप्रिल ते १० मे १९१६. साडेबावीस फुटांची होडी, मदत आणायला निघालेली सहा माणसं, आणि साउथ जॉर्जिया बेट सुमारे ८०० सागरी मैलांवर. नेता शॅकल्टन, पण वाट शोधणारा कॅप्टन फ्रँक वर्स्ली. सूर्य धड दिसायचाच नाही. दिसला की दोघांनी वर्स्लीला धरून ठेवायचं, होडी लाटेच्या माथ्यावर चढली की त्याने सेक्स्टंटमधून (सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र) सूर्य अंदाजाने क्षितिजाला टेकवायचा आणि ओरडायचं. मग शॅकल्टनने क्रोनोमीटरवरची, म्हणजे जहाजावरच्या अचूक घड्याळातली, वेळ टिपायची. चार सेकंद चुकली की रेखांश एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) सरकलाच.

मी थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी, होतो तेव्हाची गोष्ट. अरबी समुद्र तेलासारखा शांत, हाताशी चहा. कॅप्टन म्हणाले, सकाळची साइट घे, म्हणजे सूर्यावरून जहाजाची जागा काढ. माझं उत्तर जीपीएसपासून जवळजवळ पंधरा मैल लांब! वेळ वाचताना मी अख्खं एक मिनिट चुकलो होतो, पण ते कळलं फार उशिरा. तेव्हा मी काय केलं? जीपीएसची पोझिशन घेतली, गणित उलट्या बाजूने मांडलं, आकडे बसवले आणि वही पुढे केली. कॅप्टननी पान बराच वेळ पाहिलं. "अर्ध्या मैलात? छान." मग एक फडकं आणून जीपीएसच्या स्क्रीनवर टाकलं. "आता परत घे."

माझे हात थरथरत होते. सूर्य क्षितिजावर टेकेचना. समुद्र तसाच शांत होता.

वर्स्लीने शॅकल्टनला सरळ सांगितलं होतं की दहा मैलांपर्यंत चूक असू शकते. म्हणून बेटाचं टोक न धरता पश्चिम किनाराच गाठायचं ठरलं. बेट हुकलं असतं तर पुढे नुसता अटलांटिक, आणि त्या वाऱ्यात मागे फिरणं नाही. त्यापायी देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती डोंगरापलीकडे राहिली आणि तिघांना ३६ तास बर्फ तुडवावा लागला, ते वेगळंच.

पण हे ठरवलं शॅकल्टनने. इथे माझं म्हणणं लंगडं पडतं, मान्य. पूर्वी मी म्हणायचो, त्याने फक्त श्रेय घेतलं. 'दहा मैल' हे ज्याला निर्धास्त सांगता येतं, तो वरिष्ठ काही साधा नसणार. माझे कॅप्टन तसे नव्हते का? होते बहुतेक. मीच विचारून पाहिलं नाही.

२०२२ मध्ये 'एन्ड्युरन्स' ३००८ मीटर खोल सापडलं. वर्स्लीने नोंदवलेल्या जागेपासून अवघ्या चारेक मैलांवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरी पुढचा फोन आला की मी तोंड वाकडं करणारच.