पेयियाचा समुद्र आणि कोचानी

सायप्रसमधल्या पहिल्या सकाळी मी सवयीने भाच्याला विचारलं, "आज भरती किती वाजता?" तो हसत सुटला. भूमध्य समुद्राला इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, जेमतेम वीतभर पाणी वरखाली होतं. माझं लहानपण दापोलीजवळ गेलेलं. सकाळ-संध्याकाळ त्याच खडकाला टेकलेलं पाणी बघून मला चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

भाचा सायप्रसला, लिमासोलमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर, पाफोसच्या पुढे पेयियात त्याला घर घ्यायचं होतं. "मावशी, कागद तूच बघ," म्हणाला. आमच्याकडच्या वाटणीच्या दाव्याने मला सातबारा आणि फेरफार वाचायला शिकवलं, तेवढीच माझी पात्रता. नोव्हेंबरात गेले, घर भाड्याने घेतलं आणि आठ आठवडे राहिले.

पेयिया डोंगराच्या उतारावर आहे. खाली कोरल बेची पुळण, अधेमधे चक्क केळीच्या बागा. रस्त्यावर गाड्या डाव्या बाजूने आणि भिंतीत तीन पिनांचे प्लग. इंग्रज १८७८ ते १९६० इथे होते, त्यामुळे आपल्याला उगाच घरच्यासारखं वाटतं. कोरल बेहून ६१५ नंबरची बस पाफोसच्या बंदरापर्यंत जाते. उलट बाजूला चालत गेलं की सी केव्हज लागतात. पांढऱ्या खडकातल्या गुहा, आणि २०११ मध्ये खडकावर चढून बसलेलं एक मालवाहू जहाज, तिरकं कलंडलेलं. सूर्यास्ताला सगळे तिथे फोन धरून उभे. मीही उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्याबद्दल मात्र जाहिरातीत अवाक्षर नसतं. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, गार फरशा, गच्चीवर सोलरची टाकी. डिसेंबरात दुपारी अंगणात ऊन खात बसावं आणि घरात शिरलं की स्वेटर घालावा, असा उलटा प्रकार. पाऊस पडला की शेजारी खुश. बेटावर पाणी इतकं अपुरं की समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात.

आता कागद. जमिनीच्या मालकीपत्राला तिथे बोलीभाषेत 'कोचानी' म्हणतात, शब्द तुर्की अमलापासूनचा. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला घर घ्यायचं तर जिल्हा कार्यालयाची परवानगी लागते. जमिनीची मर्यादा ४०१४ चौरस मीटर. हा आकडा कुठून आला म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं. ते तीन दोनुम निघाले! सायप्रसचा एक दोनुम १३३८ चौरस मीटरचा, म्हणजे आपले सव्वातेरा गुंठे. तो हिशोब जमल्यावर मला एकदम हुशारी आली.

एजंटने दाखवलेला सॅम्पल फ्लॅट देखणा होता. नवं बांधकाम, किमतीवर १९ टक्के व्हॅट. मी विचारलं, कोचानी? तो म्हणाला, स्वतंत्र निघायची आहे, सिगा-सिगा. म्हणजे हळूहळू. आपल्याकडच्या 'होईल हो'चा सख्खा भाऊ. या सिगा-सिगापायी तिथे हजारो लोक अडकले होते. त्यांनी पूर्ण पैसे भरले, पण बिल्डरने जमीन आधीच बँकेकडे गहाण टाकलेली. अशा खरेदीदारांसाठी सरकारला २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणून करारनामा सह्या झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत भूमी अभिलेख कार्यालयात जमा करायचा, आणि वकील आपला स्वतःचा, बिल्डरने सुचवलेला नव्हे. भाच्याने शेवटी वरच्या गावात, स्वतंत्र कोचानी असलेलं जुनं घर धरलं. समुद्र फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

उत्तरेकडे घरं निम्म्या भावात मिळतात, असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. १९७४ मध्ये तुर्की सैन्य आलं, बेट दुभंगलं आणि लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट घरदार टाकून दक्षिणेत आले. त्यांच्या जमिनी आजही कागदोपत्री त्यांच्याच आहेत. अशाच एका जमिनीवर बंगला बांधलेल्या इंग्रज जोडप्याविरुद्धचा सायप्रसचा निकाल ब्रिटनमध्येही लागू होतो, असं युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं.

हे मला वर्तमानपत्री वाटलं असतं, पण आमच्या घरमालकिणीची आई त्या घरदार टाकून आलेल्यांतलीच. निघायच्या आदल्या दिवशी तिने "कोपिआस्ते" करून बसवलं, म्हणजे या, बसा, खा. आख्ख्या अक्रोडाचा मुरांबा पुढे ठेवला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत कोचानी, उत्तरेतल्या किरेनियाजवळच्या गावातल्या घराची. ती बोलत होती, मुलगी इंग्रजीत सांगत होती. २००३ मध्ये सीमा ओलांडायला मुभा मिळाली तेव्हा ती घर बघायला गेली. आत राहणाऱ्या बाईने कॉफी केली आणि निघताना परसातल्याच लिंबांची पिशवी हातात दिली.

मी सवयीने आधी कागदावरचं नाव आणि शिक्का तपासला. सगळं बिनचूक. मग माझीच मला लाज वाटली. म्हातारीने कागद जुन्याच घडीवर दुमडून डब्यात ठेवला आणि मुलीला काहीतरी विचारलं.

"तुमच्या भाच्याच्या घराला लिंबाचं झाड आहे का, विचारतेय."


नव्हतं.