मुलीचं आहे

बुधवार, रात्री उशिरा

"काका, पुस्तक उलटं धरलंय."

घाटकोपर गेलं असेल. शेजारचा पोरगा चेष्टेने नव्हता बोलला, खरंच मदत करत होता बिचारा. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात, एवढं सांगितलं असतं तर विषय संपला असता. माझ्या तोंडून निघालं, "मुलीचं आहे. असंच चाळतोय."

चाळतोय! सतरावा भाग आहे. चिमी सहाव्यावर सोडून हॉस्टेलला गेली, पुढचे अकरा मीच आणले. मग ठाण्यापर्यंत मोबाइलवर स्कोअर बघत बसलो. आज मॅचसुद्धा नव्हती.

'किमी नी तोदोके'. कारुहो शीइना या बाईंची, मूळ भाग तीस. मुलींसाठीच्या 'बेस्सात्सु मार्गारेट' मासिकात २०१७ पर्यंत चालली होती. त्या मुलींच्या रांगेत रिटायरमेंटला चार वर्षं उरलेला मी कुठे उभा राहणार? बरोबर आहे, लपवायचंच.

पण मुलीवर का ढकललं? ऑफिसात त्या दिवशी झालं तेव्हाही मी असंच... जाऊ दे.

गोष्टीतली नायिका सावाको लांब काळ्या केसांची, म्हणून वर्गात तिला सगळे 'सादाको' म्हणतात, भुताच्या सिनेमातल्या त्या बाईवरून. खरं तर नावातल्या अक्षराचा अर्थ टवटवीत, प्रसन्न. पण ती गोड हसायला जाते आणि समोरचा टरकतो. तिला नीट आडनावाने 'कुरोनुमा' म्हणतो तो एकटा काझेहाया, गोष्टीतला हिरो. पहिल्याच भागात वर्गात जागा बदलतात, तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं. आणि मग तो, योशिदा, यानो, सगळे येऊन तिच्याभोवती बसतात. त्या पानावर मी दर वेळी अडकतो. मला खिडकी मिळाली होती, शेजारी माणूस होता, तो आपणहून बोलला होता. आणि मी?

चित्रांनीच घात केलाय. चेहरा काढायच्या ऐवजी बाई बाहीतून निम्मी बाहेर आलेली बोटं काढतात. मागे काही नाही, नुसते राखाडी ठिपके, आणि मग अख्खी चौकट पांढरी. सावाको गोंधळली की एकदम ठिपक्याएवढ्या डोळ्यांची बाहुली होते. 'आवडतेस' एवढं बोलायला दोघांना कित्येक भाग लागतात, कारण खोटं बोलायचं नसतं आणि खरं जिभेवर येत नाही. मला अर्धा सेकंद लागला.

आमच्या वेळी असं कुणी... नको. आमच्या वेळी मी तरी कुठे काझेहाया होतो. पोट सुटलेला काझेहाया, डबा मांडीवर. हसूच आलं, डोंबिवलीला उतरताना.

हिने बॅगेतून डबा काढताना पुस्तक बघितलं. "अहो, झालं का तुमच्या त्या भुताळीचं लग्न?"

*तुमच्या* म्हणाली. म्हणजे घरात कधीचंच माहीत आहे.

"शाळेत आहेत गं अजून."

"सतरा पुस्तकं झाली ना?"

काय सांगणार होतो? कुकरची शिट्टी झाली, म्हणून वाचलो.