दम आणि हाड

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा उतार उतरत असताना उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, एक बारीक कळ आली आणि मी तिचा दोष बुटाच्या घट्ट बांधलेल्या नाडीवर ढकलून मोकळी झाले. नाडी सैल केली, फुटाळा तलावापर्यंत गेले, अंबाझरीकडून वळसा घालून ठरलेले २२ किलोमीटर पूर्ण केले आणि परतताना नेहमीच्या गाडीवर तर्री-पोहेही खाल्ले. संध्याकाळी पावलावर हलकी सूज होती. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे उपवास. दिवसभरात दोन केळी, चहा आणि संध्याकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी एवढ्यावर मी राहिले. मंगळवारी पुन्हा पळायला गेले. त्या तीन दिवसांत माझ्या दुखापतीचे जवळजवळ सगळे कारण सामावलेले होते, पण ते वाचता येण्यासाठी मला पुढचे आठ महिने लागले.

मी ४३ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि सहा वर्षांपासून पळते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२ किलोमीटर धावायचे, आणि ते नीट जमले तर पुढे कधीतरी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, जिथे डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधले जवळपास ९० किलोमीटर अंतर बारा तासांत कापावे लागते, अशी माझी मनातली चढती भाजणी होती. त्या नादात पाच आठवड्यांत माझे आठवड्याचे अंतर ४० वरून ६५ किलोमीटरवर गेले, आणि त्याच महिन्यात मी पातळ तळाचे नवे बूटही काढले. श्वास लागत नव्हता, पिंडऱ्या भरून येत नव्हत्या, म्हणून सगळे ठीक आहे असा माझा समज होता.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, आणि स्नायूचा ताण म्हणून मला आठवडाभराच्या गोळ्या मिळाल्या. ताण असलेल्या हाडाची बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, भरून येणाऱ्या हाडाची गाठ बनू लागली की मगच ती उघडी पडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते त्यांनी सांगायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काही न बोलता अंगठा एका बिंदूवर दाबला आणि मी खुर्चीतून उठले. एमआरआयमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलचे, म्हणजे पावलाच्या मधल्या भागातून दुसऱ्या बोटाकडे जाणाऱ्या लांब हाडाचे, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने आलेली बारीक चीर, निघाले. या दुखण्याला पूर्वी ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणत, कारण प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन १८५५ मध्येच करून ठेवले होते. आत हाड मोडलेले आहे हे समजायला मात्र १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. शत्रू न दिसताही शिपाई जायबंदी होत होते, आणि मी तर निव्वळ हौशी शिपाई.

फिजिओथेरपिस्टने मला जे समजावले, त्यातले एक वाक्य घरी येऊन मी वहीत लिहिले: दम आधी येतो, हाड नंतर येते. पळणे वाढवले की रक्तातल्या द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढू लागते, हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, आणि आपल्याला वाटते की शरीर तयार झाले. हाडाचे तसे नसते. वाढलेला भार पडला की हाड आधी पोखरले जाते, कारण जुना, थकलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशी अगोदर कामाला लागतात आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी त्यांच्या मागून, सावकाश येतात. हा सगळा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे सराव वाढवल्यानंतरचे काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दम वाढलेला असल्यामुळे आपण आणखी लांब पळतो. एका किलोमीटरला प्रत्येक पाऊल साधारण पाचशे वेळा जमिनीवर पडते आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार घेते. दुसरे मेटाटार्सल बुडाशी इतके घट्ट अडकलेले असते की शेजारच्या हाडांसारखे ते थोडेसुद्धा सरकत नाही. पिंडऱ्या आणि बोटांचे स्नायू थकले की वाकण्याचा ताण त्याच्यावरच येतो.

उपवासाची गोष्ट डॉक्टरांनी विचारून काढली. मी आपणहून सांगितली नसती. रविवारी सगळ्यात लांब पळायचे आणि सोमवारी, म्हणजे डागडुजीच्या दिवशी, जवळजवळ काही खायचे नाही, हा क्रम मी श्रावण लागण्याआधीपासूनच पाळत होते, आणि वजन उतरते आहे म्हणून खूशही होते. खाल्लेली ऊर्जा व्यायामात खर्च होऊन शरीराच्या रोजच्या कामाला उरतच नसेल, तर नवे हाड बांधण्याचे काम मागे पडते; स्त्रियांमध्ये पाळी लांबणे ही त्याची ठळक खूण असते, आणि मी ती ‘आता वयच झाले’ म्हणून सोडून दिली होती. ड जीवनसत्त्व तपासले तर तेही कमी निघाले. मे महिन्यात ४५ अंशांना टेकणाऱ्या या शहरात उन्हाची कमतरता कशी, असे सासूबाईंनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. पण मी पळते पहाटे पाचला, सूर्य नीट वर येण्याआधी. नंतर तोंडाला आणि हाताला ओढणी गुंडाळून स्कुटीवरून बँकेत जाते, दिवसभर एसीत बसते आणि अंधार पडल्यावर परतते. नागपूरचे ऊन माझ्या वाट्याला फक्त गरम हवेच्या रूपात येते.

ओळखीच्या धावणाऱ्यांनी अर्थातच सिमेंटच्या रस्त्यांना जबाबदार धरले, कारण नागपुरात पाणी तुंबण्यापासून गुडघेदुखीपर्यंत कशाचाही दोष सिमेंटच्या रस्त्यांवर घालता येतो. मला ते पूर्ण पटले नाही. जमीन कडक असली की आपला पाय आपोआप जास्त वाकतो आणि मऊ असली की ताठ होतो, त्यामुळे फरक वाटतो तेवढा पडत नाही. पाच आठवड्यांत २५ किलोमीटर वाढवले ते मी, रस्त्याने नाही.

पुढचे पाच आठवडे उजव्या पायात वॉकिंग बूट, म्हणजे पाऊल हलू न देणारा डॉक्टरी बूट, होता. त्याबद्दल एकच उपयोगाची गोष्ट सांगते: त्याचा तळ जाड असल्याने दुसरा पाय आखूड पडतो आणि आठवड्याभरात कंबर धरते, म्हणून डाव्या पायात तेवढ्याच उंचीचे काहीतरी घालावे. दुखणे शमल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी जलतरण तलावात, कमरेला तरंगणारा पट्टा बांधून, तळाला पाय न लागता खोल पाण्यात ‘पळू’ लागले. हे करताना माणूस अत्यंत हास्यास्पद दिसतो. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांकडे न पाहता मेहनतीच्या अंदाजाने एक मिनिट जोर, एक मिनिट सैल, असे पाऊण तास करायचे. बूट निघाल्यावर हॉलमध्ये स्टँडवर सायकल लावली आणि पेडलवर बोटांऐवजी टाच टेकवून तास-दीड तास चालवली. याच शहरातले डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची जवळपास ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत, रेस अक्रॉस अमेरिका, एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण करून आले, तेव्हा हॉलमधल्या दीड तासाची तक्रार करण्याची मला सोय नव्हती.

अडचण अशी झाली की हे सगळे फारच चांगले जमले. ऑक्टोबरच्या अखेरीस मी अर्धा तास झपाझप, न दुखता चालू शकत होते, एका पायावर उड्या मारता येत होत्या, आणि मला एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे असे आठ फेरे करण्याची परवानगी मिळाली. फुटाळ्याच्या काठावर रोज फिरायला येणाऱ्या एका काकांनी मला दोन-तीन दिवस पाहिले आणि न राहवून विचारले, “काहून जी बाई, इतकुसं पळता अन् लगेच चालता, दम लागते का?” मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. दम तर भरपूर होता. तीच तर पंचाईत होती.

नोव्हेंबरमधल्या एका थंड सकाळी, जानेवारीला नऊ आठवडे उरले असताना, मी घड्याळाची शिट्टी बंद केली आणि न थांबता ९ किलोमीटर पळाले. इतके सोपे पळणे मला वर्षभरात वाट्याला आले नव्हते. श्वास शांत, पाय हलके, तलावावर धुके. त्या दिवशी काहीच दुखले नाही, रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवला, आणि त्याच बिंदूवर तीच जुनी कळ. चीर उघडली नव्हती, पण हाड चिडले होते. पुन्हा तीन आठवडे पूर्ण बंद. मुंबईची शर्यत मी त्याच संध्याकाळी सोडली. रडले, हे लिहायला हरकत नाही, आणि त्यात दुःखापेक्षा स्वतःवरचा राग जास्त होता, कारण या वेळी मला सगळे माहीत होते.

त्यानंतर मी पळण्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावते. उठल्यावर पहिली दहा पावले कशी पडतात आणि अंगठ्याने तो बिंदू दाबल्यावर काय वाटते, एवढे वहीत लिहायचे, आणि दोन्ही स्वच्छ असतील तरच पुढची पायरी. पिंडऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलणे, आधी रिकामे, मग पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून. सलग वीस जमायला मला फेब्रुवारी उजाडला. वेग आणि चढ शेवटी वाढवायचे, अंतर त्याआधी, आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम खाली आणायचे. पळून आल्यावर अर्ध्या तासात पोटात काहीतरी भरीव गेलेच पाहिजे. पातळ बूट भाचीला दिले.

आता पुन्हा मृगाचा पाऊस पडून गेला आहे. मागच्या रविवारी गोरेवाड्याच्या बाजूने १६ किलोमीटर झाले, तेही शेवटचे दोन चालत, कारण वहीत तसे लिहिले होते. श्रावण जवळ आला तशी मी सासूबाईंजवळ सोमवारचा विषय काढला आणि डॉक्टर, ऊर्जा, हाडे असे बरेच काही समजावून सांगू लागले. त्या अमरावतीकडच्या आहेत. त्यांनी मला मध्येच थांबवले. “इतकं कायले सांगतं? तुह्या वाटचा सोमवार मी करतो. तू जेव.”