मॉन्टगोमेरी : गावावरून पडलेल्या आडनावाचा प्रवास

बेळगावच्या परिसरात गावावरून पडलेली आडनावे पावलोपावली भेटतात. येळ्ळूरकर, उचगावकर, कडोलकर, सांबरेकर, बेळगुंदकर ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी. ही आडनावे लावणारी बहुतेक कुटुंबे त्या त्या गावात राहत नाहीत आणि ते स्वाभाविकही आहे, कारण येळ्ळुरात राहणाऱ्याला येळ्ळूरकर म्हणण्याचे कोणाला कारण पडत नाही. गाव सोडून माणूस दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा नव्या गावचे लोक त्याला मागच्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून घाटावर आलेल्या कुटुंबांमुळेच मडकईकर, केरकर, लोटलीकर ही आडनावे आपल्याकडे रुजली. असे आडनाव म्हणजे एका स्थलांतराची नोंदच असते. त्याच नजरेने मी गेली काही वर्षे मॉन्टगोमेरी या नॉर्मन आडनावाचा माग काढत आले आहे आणि जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडत आहे.

फ्रान्सच्या उत्तरेस, नॉर्मंडीतील काल्व्हादोस भागात, लिझिए या शहराच्या दक्षिणेला सँत-फ्वा-द-माँगोमरी आणि सँ-जेर्मँ-द-माँगोमरी अशी दोन लहान गावे शेजारी-शेजारी आहेत. सफरचंदाच्या बागा, गाईंची कुरणे आणि चीज यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. माँगोमरी या नावात टेकडीसाठीचा लॅटिन शब्द आणि एका जर्मानिक व्यक्तिनामाचा अंश आहे, असे अभ्यासक मानतात. या गावची जहागीर ज्या घराण्याकडे होती, ते स्वतःला ‘माँगोमरीचे’ म्हणवू लागले. पुढे मधला ‘द’ गळाला आणि नुसते गावाचे नाव आडनाव म्हणून उरले. आपल्या सीमाभागात हे दोन्ही प्रकार एकाच गल्लीत दिसतात: मराठी घर ‘कर’ लावते, तर कन्नड शेजारी हुक्केरी, सवदी, कित्तूर असे गावाचे नाव जसेच्या तसे लावतात.

या घराण्याचा पहिला मोठा पुरुष म्हणजे रॉजर द माँगोमरी. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंडवर स्वारी केली, तेव्हा त्याची पत्नी माटिल्डा हिच्या मदतीला नॉर्मंडीचा कारभार पाहण्यासाठी रॉजर मागे थांबला होता आणि १०६७ मध्ये तो इंग्लंडला गेला, असे बाराव्या शतकातला इतिहासलेखक ऑर्डेरिक व्हिटालिस सांगतो. या निष्ठेचे फळ मोठे मिळाले. दक्षिण किनाऱ्यावर अरंडेलचा प्रदेश आणि पश्चिमेला वेल्सच्या सीमेवरील श्रॉपशरचा बहुतेक भाग त्याच्याकडे आला आणि तो श्रूजबरीचा अर्ल झाला. सेव्हर्न नदी पायी ओलांडता येते अशा उताराजवळ त्याने माती आणि लाकडाचा एक किल्ला उभारला आणि त्याला आपल्या नॉर्मंडीतील गावाचे नाव दिले. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीत तो किल्ला याच नावाने नोंदलेला आहे. गावावरून माणसाला नाव पडले होते. आता ते माणसाकडून दुसऱ्या गावाला मिळाले.

या जागेला आज हेन डोमेन म्हणतात. फिलिप बार्कर यांनी १९६० पासून पुढे अनेक वर्षे तेथे उत्खनन चालवले. किल्ल्याच्या थराखाली त्यांना नांगरटीच्या सऱ्या-वरंब्यांच्या खुणा सापडल्या, म्हणजे नॉर्मन येण्यापूर्वी तेथे कोणाची तरी शेती होती. मोठ्या घराण्यांच्या इतिहासात अशा शेतकऱ्याचे नाव कधीच येत नाही, आणि मला ही खूण रॉजरच्या सगळ्या पदव्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

तेराव्या शतकात, १२२३ मध्ये, इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाने जवळच दगडी किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या पायथ्याशी गाव वाढले. इंग्रजीत त्याचे नाव मॉन्टगोमेरी असले, तरी वेल्श लोक त्याला त्रेफाल्ड्विन म्हणतात. रॉजरच्या घराण्यानंतर ती जागा ज्या बाल्डविनला मिळाली त्याचे नाव त्यांनी धरून ठेवले. सीमेवरच्या गावाला दोन भाषांत दोन नावे असणे आणि दोन्ही नावांवर आपापल्या लोकांची माया असणे हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

रॉजर १०९४ मध्ये वारला आणि घराण्याचे इंग्लंडमधील वैभव त्यानंतर दहा वर्षेही टिकले नाही. त्याचा मुलगा ह्यू हा १०९८ मध्ये अँगलसी बेटाजवळ नॉर्वेच्या मॅग्नस राजाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत मारला गेला. थोरला रॉबर्ट द बेलेम याने ११०२ मध्ये पहिल्या हेन्रीविरुद्ध बंड केले, ते फसले आणि इंग्लंडमधील सगळी जमीन जप्त झाली. पेंब्रोकचा किल्ला बांधणारा धाकटा आर्नुल्फ हाही त्याच बंडात बुडाला.

यानंतर हे आडनाव एकदम स्कॉटलंडमध्ये दिसते. श्रॉपशरशी संबंध असलेला वॉल्टर फिट्झ ॲलन बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजाच्या चाकरीत गेला आणि त्याच्याबरोबर रॉबर्ट द माँगोमरी नावाचा एक सरदार गेला. त्याला रेन्फ्रूशरमधील ईगल्शमची जमीन मिळाली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील या नावाची मोठी घराणी आपले मूळ याच रॉबर्टपाशी नेतात. हा रॉबर्ट त्या अर्ल रॉजरचा नातू होता, असे अनेक जुन्या वंशावळींत ठामपणे लिहिलेले आढळते. मात्र तसे सिद्ध करणारा समकालीन कागद उपलब्ध नाही. तो घराण्यातला असेल. त्या घराण्याच्या जमिनीवरचा किंवा वेल्श सीमेवरच्या त्याच नावाच्या किल्ल्याशी संबंधित एखादा लढवय्याही असू शकेल. सगळे येळ्ळूरकर एका रक्ताचे नाहीत, एका जातीचेही नाहीत. गाव तेवढे एक. हा मुद्दा मी आग्रहाने मांडते, कारण वंशावळ लिहिणाऱ्याला रिकामी जागा सहन होत नाही आणि तो ती सोयीच्या पूर्वजाने भरून टाकतो.

आपल्याकडे सुगी आटोपली की हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणारे आणि सांगणारे लोक, येतात. आमच्या घरी येणारे हेळवी सोप्यात घोंगडीवर बसत, कापडात बांधलेली जाड वही सोडत आणि घराण्याचा मूळ गाव, कोण कोठून कोठे गेला, कोणाला किती मुलगे झाले, हे एका सुरात म्हणून दाखवत. मग नव्या जन्मांची नोंद करून धान्य घेऊन पुढच्या घरी जात. मुलींची नावे त्या वहीत क्वचितच असत, आणि ती उणीव मला आजही बोचते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही नोंद मोलाची आहे. रॉजर आणि रॉबर्ट यांच्यामधल्या पिढीची अशी वही कोणी राखली नाही.

स्कॉटलंडमधील पुढचा इतिहास मात्र कागदोपत्री भक्कम आहे. १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत जॉन मॉन्टगोमेरीने ‘हॉटस्पर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या हेन्री पर्सीला कैद केले. पर्सी हेही नॉर्मंडीतील गावावरूनच पडलेले आडनाव. हॉटस्परच्या सुटकेच्या खंडणीतून पोलनून किल्ला बांधला, असे परंपरा सांगते. विवाहसंबंधातून एग्लिंटन आणि आर्ड्रॉसन ही ठाणी मिळाली आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी एग्लिंटनचे अर्लपद आले. याच नावाची एक शाखा फ्रान्समध्ये होती; फ्रेंच राजाच्या स्कॉटिश रक्षकदलाचा नायक गाब्रिएल द माँगोमरी याच्या भाल्याने १५५९ मध्ये घोडेस्वारांच्या भालेझुंजीच्या खेळात फ्रान्सचा दुसरा हेन्री राजा जखमी होऊन मरण पावला, आणि पुढे १५७४ मध्ये गाब्रिएलचा पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला.

१६०६ मध्ये एअरशरच्या ब्रेडस्टेन येथील ह्यू मॉन्टगोमेरीने जेम्स हॅमिल्टनबरोबर उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यात स्कॉटिश कुटुंबांची वसाहत सुरू केली. ही जमीन कॉन ओ’नील या आयरिश सरदाराची होती. एका घराण्याचे ‘स्थलांतर’ लिहिताना दुसऱ्याचे उखडले जाणे त्याच पानावर लिहिले पाहिजे.

आयर्लंडमधून नाव समुद्रापार गेले. डब्लिनजवळ जन्मलेला रिचर्ड मॉन्टगोमेरी ब्रिटिश लष्करातील नोकरी सोडून १७७२ मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाला, अमेरिकन बंडखोरांच्या सैन्यातला एक सेनापती झाला आणि ३१ डिसेंबर १७७५ रोजी क्विबेकवरील हल्ल्यात पडला. अलाबामा राज्याच्या राजधानीला त्याचे नाव आहे. ती राजधानी ज्या परगण्यात आहे त्याचे नाव मात्र लेम्युएल मॉन्टगोमेरी या दुसऱ्याच अधिकाऱ्यावरून आहे.

हे नाव हिंदुस्थानातही उमटले. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेले सर रॉबर्ट मॉन्टगोमेरी १८५९ ते १८६५ या काळात पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. साहिवाल येथील नव्या शहराला त्यांचे नाव दिले गेले. पाकिस्तान झाल्यावर १९६० च्या दशकात जुने नाव परत आले. आपल्याकडच्या गोठ्यांत जिची तारीफ होते, ती साहिवाल गाय याच मुलखातली, आणि तिला एके काळी मॉन्टगोमेरी असेही म्हणत.

याच सर रॉबर्टचे नातू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल बर्नार्ड मॉन्टगोमेरी. १९४३ च्या नोव्हेंबरात इटलीतील सांग्रो नदीवर त्यांच्या आठव्या सैन्यात भारतीय डिव्हिजनही लढत होती आणि तिच्यात मराठा पलटण होती. त्या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र म्हणजे बेळगावच्या कॅम्पातले आपले मराठा सेंटर. पुढच्या वर्षी नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त भूदलाची सूत्रे मॉन्टगोमेरींकडे होती. १७ जुलै १९४४ रोजी त्यांचे प्रतिस्पर्धी जर्मन फील्ड मार्शल रोमेल यांच्या मोटारीवर विमानातून गोळीबार झाला आणि ते गंभीर जखमी झाले, ते ठिकाण सँत-फ्वा-द-माँगोमरीच्या जवळचे. नऊ शतकांनी नाव आपल्या गावी परतले, अशा थाटात ही घटना सांगितली जाते. घटना खरी आहे. फील्ड मार्शलांचे रक्ताचे नाते त्या गावाशी जोडायचे झाल्यास मात्र वाट ईगल्शमच्या रॉबर्टवरूनच जाते, आणि त्याच्या मागचा दुवा अजून कागदावर आलेला नाही.